सरकवलेलं घर

सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते "बरा आहे" असं कधी म्हणायचे नाहीत. "शेप तोच," म्हणायचे, ग्राफ नुसता सरकला की आकार बदलत नाही तसं. तापातून उठले तरी शेप तोच, शाळेतून निवृत्त होऊन गळ्यात हार घालून घरी आले तेव्हाही शेप तोच. माझ्या नवऱ्याने एकदा मुद्दाम खोडी काढली. म्हणाला, "सर, पोट जरा सुटल्यासारखं वाटतंय." सरांनी खाली वाकून स्वतःच्या पोटाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे सरकणं नव्हे, हे ताणणं. तो धडा पुढच्या वर्षीचा."

मी लग्न होऊन साताऱ्याहून थेट मद्रासला आले. नवरा गिंडीच्या कारखान्यात, आणि बिऱ्हाड वेस्ट मांबलमला एका लांबलचक घराच्या वरच्या मजल्यावर. भाड्याच्या अशा बिऱ्हाडाला तिकडे पोर्शन म्हणतात. खालच्या पोर्शनमध्ये सर आणि त्यांच्या पत्नी राहायच्या. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी नळाचं पाणी गेलं. मला तमिळ येत नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन बादली दाखवली, नळ पिळल्याचा अभिनय केला, आभाळाकडे हात केले. दाराशी खुर्चीत बसलेल्या सरांनी तो सगळा प्रयोग शेवटपर्यंत होऊ दिला. मग शांतपणे म्हणाले, "पाणी पहाटे येतं. आपण कुठल्या?"

मराठी! पण कसलं मराठी! बखरीतून उठून आलेलं आणि त्याला तमिळ हेल लागलेला. ही मंडळी तंजावरकडची, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. मी "सातारा" म्हटल्याबरोबर सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे थोरली पाती! आम्ही धाकटी पाती. बैसा, बैसा." मी तेव्हा विशीतली पोर, पण त्या दिवसापासून सर मला थोरली पातीच म्हणायला लागले. "काय थोरली पाती, जेवलीस?" असं भर गल्लीत ओरडायचे, आणि मला साताऱ्याची सगळी अब्रू आपल्या एकटीच्या खांद्यावर असल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी मागच्या अंगणात सर मुलांना गणित शिकवायचे. मी जिन्यात बसून भाजी निवडता निवडता ऐकायची. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून मी लग्नासाठी कॉलेज सोडलं होतं, त्यामुळे गणित कानावर पडलं की हात थांबायचे. एकदा त्यांनी मुलांना विचारलं, फंक्शनमध्ये x च्या जागी x उणे तीन लिहिलं तर ग्राफ कुठे सरकेल? मला काही राहवेना. मी जिन्यातूनच ओरडले, "डावीकडे!"

सरांचा चेहरा एकदम उजळला. चूक ऐकली की ह्या माणसाला पानात जिलबी पडल्यासारखा आनंद व्हायचा. "भले! अस्कं मद्रास जी चूक करतं तीच साताऱ्यानं केली. खाली ये." अस्कं म्हणजे सगळं, हे मला एव्हाना कळलं होतं. मी भाजीची परडी घेऊन खाली गेले.

"बीच स्टेशनाहून तांबरमची लोकल तीन मिनिटं उशिरा सुटली," सर म्हणाले. "वेग तोच, थांबे तेच. मज सांग, आत्ता ती कुठे असेल?"

"असायला हवी त्याच्या मागे."

"मागे म्हणजे कुठे? टाइमटेबलास विचार. पण कुठल्या वेळेचं विचारशील? आत्ताचं?"

मी जरा विचार केला. "नाही. तीन मिनिटांपूर्वीचं."

"मग घड्याळातून तीन वजा केलेस की नाही? वजा आत केलंस. आणि गाडीचं काय झालं? तिचं प्रत्येक स्टेशन तीन मिनिटं पुढे गेलं. उशीर म्हणजे उजवीकडे!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "कंसाच्या बाहेर जे असतं ते सरळ दिसतं, आत असतं ते उलट दिसतं. माणसांचंही तसंच, पण ते परीक्षेस येत नाही."

मी त्यानंतर रोज त्या पोरांच्यात जाऊन बसायला लागले. फ्रॉकवाल्या आणि अर्ध्या चड्डीतल्या मुलांच्यात साडी नेसलेली मी एकटी. नवऱ्याला कारखान्यातून यायला उशीर झाला की सर दारातूनच पुकारा करायचे, "यजमान आज उजवीकडे सरकले वाटतं!" नवऱ्याला पहिले काही महिने वाटत होतं, की हे काहीतरी राजकारणाबद्दल बोलतात.

शाळेतही त्यांचं हेच. एका वर्षी पेपर अवघड निघाला म्हणून सगळ्या मुलांना सरसकट पाच मार्क वाढवून दिले. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "ग्राफ पाच घरं वर गेला. पहिला तो पहिलाच, शेवटचा तो शेवटचाच. कुणाचं काय भलं केलंत?" हेडमास्तर वैतागून म्हणाले, "राव सार, काठावरची पोरं पास झाली ना!" सर विचारात पडले. दिवसभर विचारात होते. संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी जाऊन सांगून आले, "तुमचं बरोबर. ग्राफ वर गेला पण पासाची रेघ जागीच राहिली. मी रेघ विसरलो." स्वतःची चूक सापडली तरी त्यांना जिलबीच मिळायची.

सरांच्या पत्नींना गल्लीत सगळे मामी म्हणत, मीही म्हणायची. मामी पहाटे दारात कोलम घालायच्या. आधी तांदळाच्या पिठाचे ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ. ठिपके असे ओळीत, की मोजपट्टी लावून घातलेत असं वाटावं. सरांनी एका रविवारी मामींना मागच्या अंगणभर नुसते ठिपकेच घालायला लावले आणि त्या ठिपक्यांवर पोरांना उभं केलं. मधल्या ठिपक्यावर, अगदी तळाशी, मी. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक पोर एक घर वर, त्यांच्या पलीकडचे चार घरं वर. झाला पॅराबोला. "आता," सर खुर्चीवर चढून ओरडले, "x उणे तीन!"

निम्मी पोरं डावीकडे धावली, निम्मी उजवीकडे. दोघांची डोकी आपटली. तिसरा त्या गडबडीत गवळ्याच्या सायकलवर जाऊन आदळला आणि गवळ्याने तमिळमध्ये आमच्या सगळ्यांच्या आईबापांची आठवण काढली. दुसऱ्या खेपेला सगळे उजवीकडे गेले, फक्त माझ्या उजव्या शेजारची मुलगी रिबीन बांधत जागच्या जागीच राहिली. डाव्या टोकाचा मुलगा सरकून नेमका तिच्याच उभ्या ओळीत, तीन घरं वर आला. सरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "एका x ला दोन y! एक बिंदू मागे राहिला आणि अस्कं फंक्शन गेलं. सरकायचं तर सगळ्यांनी सरकायचं, सारखं सरकायचं. नाहीतर तो ग्राफ तो नव्हे." ती मुलगी रडायला लागली, तेव्हा मामींनी आतून येऊन तिला शेंगदाण्याची चिक्की दिली. माझी साडी पायाशी पिठाने पांढरी झाली होती.

ह्या माणसाच्या घरात एक विचित्र शिस्त होती. कुठलीही वस्तू हलवायची नाही. स्टूल झोपाळ्याच्या डाव्या अंगाला म्हणजे तिथेच. छत्री त्याच खिळ्यावर. कंगवा आरशाखाली, दात भिंतीकडे करून. मुलांनी चपला दारात सोडल्या तर सर त्या उचलून अंगणात फेकायचे. आणि सरांना खोकला होता. ते दाराशी आपल्या खुर्चीत बसलेले असेपर्यंत खोकत नसत, पण उठून घरात कुठेही निघाले की खोकला सुरू. मी त्यांच्यासाठी अडुळशाचा काढा करून आणला. तो त्यांनी तोंड वाकडं न करता पुष्कळ दिवस घेतला. खोकला काही गेला नाही. मामींना मात्र त्या काढ्याचं फार हसू यायचं, आणि मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. मी खाली गेले की मामी रोज विचारायच्या, "आज कुठली साडी नेसलीस?" मी रंग सांगायची, काठ सांगायची. बायकांचं बोलणं, आणखी काय, असं मला वाटायचं.

मग एके दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील आले. भारदस्त, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांना उकडत होतं म्हणून त्यांनी स्टूल ओढून पंख्याखाली घेतलं आणि बसले. मामी आतून कॉफी घेऊन येत होत्या. सर खुर्चीतून उठले ते धावतच गेले आणि त्या गृहस्थांना काही न बोलता दोन्ही खांद्यांना धरून उठवलं, खालचं स्टूल पायाने सरकवलं, आणि मामी त्या मोकळ्या जागेतून कॉफी न हिंदकळवता पुढे आल्या. ते गृहस्थ कॉफी न घेता गेले. त्यांच्या मुलाचं नावही दुसऱ्या क्लासला गेलं.

मी मामींकडे पाहत राहिले. त्या कॉफीचा डवरा हातात धरून हसल्या. डवरा म्हणजे कॉफीच्या पेल्याखालची खोलगट वाटी.

"तुज कळलं ना?" त्या म्हणाल्या. "आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं गेलं, मग अस्कंच गेलं. गल्लीत ठाऊक नाही. कळलं की जो येईल तो हात धरेल. हात धरून चालवलं की बाई आपल्या घरात पाहुणी होते. तूही धरू नकोस."

म्हणजे तो खोकला नव्हता. आपण कुठे आहोत ते सर मामींना सांगत होते. आणि ह्यासाठी त्यांनी माझा काढा प्यायला होता! मी वर जाऊन नवऱ्याला सांगितलं. सरांच्या घरातली प्रत्येक वस्तू मामींच्या हाताखाली आणि पायाखाली होती. दारातून आत आलं की झोपाळा, झोपाळ्याच्या पुढे उजव्या हाताला स्वयंपाकघर, तिथे फळी, फळीवर काड्यापेटी. त्या घरात मामी मालकिणीसारख्या चालायच्या, आणि त्या घराबाहेर जायच्याच नाहीत.

आणि नेमकं तेच घर पाडायचं ठरलं. घरमालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते. आम्हां दोघांना दुसरं भाड्याचं बिऱ्हाड कुठेही चाललं असतं. सरांचा मुलगा बंगळूरला नोकरीला होता. त्याने अण्णा नगरला एक फ्लॅट घेतला आणि किल्ली घेऊन आला. मुलगा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मराठी त्याला चाचरत यायचं, पण आईशी तो मराठीच बोलायचा. म्हणाला, "अम्मा, तू काही काळजी करू नको. एक बाई ठेवू, फुल डे. ती हात धरेल." मामी उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी सरांनी क्लास घेतला नाही. मी जिन्यात बसले होते, मला खालून नुसता झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकू येत होता.

फ्लॅट बघायला सर, मामी, मुलगा आणि मी असे चौघं गेलो. पहिला मजला, जिन्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन दारं. आमचं डावीकडचं. मामींनी माझ्या पदराचं टोक धरलं होतं. हात मी धरला नाही. आत शिरल्यावर त्यांनी पदर सोडला, चार पावलं गेल्या आणि सवयीने उजव्या हाताला वळल्या. तिथे भिंत होती. कपाळ आपटलं नाही, पण हात पुढे झाला आणि भिंतीवरून चाचपडत फिरायला लागला. "नवी भिंत छान गार आहे," त्या हसून म्हणाल्या. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं.

"किचन लेफ्टला आहे, अम्मा," मुलगा म्हणाला. "साइज तीच. थोड्या दिवसांत सवय होईल."

"तुज होईल," सर म्हणाले. ते हॉलच्या मधोमध उभे होते. "हे घर सरकवलेलं नाही. हे आरशातलं आहे."

"अप्पा, प्लीज."

"चार कोस सरकव, चालेल. एक मजला वर ने, चालेल. उलटं करशील तर तिचे दोन्ही हात चुकतील." एवढं बोलून ते बाहेर पडले, समोरच्या उघड्या दारातून सरळ परक्याच्या घरात शिरले, सुताराला ओलांडून पार बाल्कनीपर्यंत जाऊन परत आले. "हाच," म्हणाले. "ह्याचं स्वयंपाकघर उजव्या हाताला आहे."

समोरचा फ्लॅट रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका तमिळ गृहस्थांचा होता. अजून ते राहायला आले नव्हते, सुतारकाम चाललं होतं. अदलाबदल करायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांची बाल्कनी पूर्वेला, म्हणजे संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की तो त्यांच्या घरात. आमच्या बाजूला दुपारचं ऊन आणि भिंती तापलेल्या. मद्रासमध्ये ज्याला उन्हाळा काढायचाय तो असा वारा सुखासुखी सोडत नाही. सरांना खरं कारण सांगता येईना, कारण मामींना शब्द दिलेला. मग ते गणित सांगत बसले. x च्या जागी उणे x लिहिलं की ग्राफ कसा उलटतो, आणि उलटलेला ग्राफ कितीही सरकवला तरी पहिल्यावर कसा बसत नाही, हे त्यांनी त्या बिचाऱ्याला सिमेंटच्या पोत्यावर खडूने काढून दाखवलं. ते गृहस्थ मुलाला बाजूला घेऊन विचारायला लागले, की वडिलांना घरी कुणी डॉक्टर बघतो का?

सर पुन्हा पुन्हा गेले. बस पकडून अण्णा नगरला जायचे आणि हात हलवत परत यायचे. "काय झालं?" विचारलं की "शेप तोच" म्हणायचे, पण आवाज पडलेला असायचा. एका दुपारी ते झोपल्याची चाहूल घेऊन मामी मला म्हणाल्या, "चल. मीच येते."

मामींना मी बसमध्ये बायकांच्या सीटवर बसवलं. त्या माझा पदर धरून जिना चढल्या आणि सुताराच्या हातोडीचा आवाज आला त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. ते गृहस्थ आणि त्यांची बायको तिथेच होती. मला तोवर तमिळ पुरेसं कळायला लागलं होतं.

"मला दिसत नाही," मामी म्हणाल्या. "माझं स्वयंपाकघर उजव्या हाताला असतं. वारा तुम्हाला रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन घेता येईल. माझा उजवा हात मला तुमच्याकडे येऊन घेता येणार नाही."

हातोडी थांबली. ते गृहस्थ सिमेंटच्या पोत्याकडे बघत राहिले. त्यावर सरांचा खडू अजून पुसला गेला नव्हता. त्यांची बायको मागून म्हणाली, "बघत काय राहिलात? किल्ली द्या."

परतताना बसमध्ये मामी माझा पदर धरून बसल्या होत्या. इतकी वर्षं गल्लीपासून राखलेली गोष्ट त्यांनी एका परक्या माणसाला सुताराच्या देखत सांगून टाकली होती. मला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटत होता, पण ते मना होतं. कोडंबाक्कम आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आज कुठली साडी नेसलीस?" मी म्हटलं, "हिरवी, लाल काठांची." "बरी दिसत असेल," त्या म्हणाल्या, आणि मग घरापर्यंत तंजावरच्या आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत आल्या.

त्यानंतर सरांच्या अंगात जे संचारलं ते बघण्यासारखं होतं. दार म्हणजे ओरिजिन, असं त्यांनी जाहीर केलं. जुन्या घरातल्या प्रत्येक वस्तूचं दारापासूनचं अंतर सुतळीने मोजलं, सुतळीला गाठी मारल्या, आणि क्लासच्या पोरांना घेऊन अण्णा नगरला तळ ठोकला. तो त्यांचा त्या वर्षीचा शेवटचा धडा. पोरं स्टूल धरून उभी, सर सुतळी ताणून. "अजून दोन बोटं! तुझं घर नाही हे, मामीचं आहे!" नवा हॉल जुन्यापेक्षा लांब निघाला, म्हणून त्यांनी पुस्तकांचं कपाट मधेच आडवं घालून तो आखूड करून टाकला. कपाटामागे चांगली खोलीभर जागा वाया गेली. पुढे येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारायचा आणि सर त्याला ताणणं आणि सरकणं ह्यांतला फरक समजावून सांगायचे. सुतार भिंतीत खिळा मारताना विचारायचा, "इथे काय देवाचा फोटो?" सर म्हणायचे, "छत्री." कंगव्याचे दातसुद्धा भिंतीकडे केले.

राहायला जायच्या दिवशी सकाळी दूध उतू घालवायचं होतं. मुलगा बंगळूरहून आला होता. समोरचे गृहस्थ बायकोसह हजर, क्लासमधली काही पोरं, मी आणि नवरा. नवरा कारखान्यातून सुट्टी काढून आला आणि तरीही उजवीकडे सरकलाच. मामी माझा पदर धरून जिना चढून आल्या. उंबऱ्याशी मुलाने हात पुढे केला. मामींना तो जाणवला नाही, की जाणवला नाही असं त्यांनी दाखवलं, कोण जाणे. त्यांनी पदर सोडला आणि उजवा पाय आत टाकला.

आम्ही सगळे दारातच उभे. मामी चार पावलं गेल्या. झोपाळ्याच्या कडीला जाता जाता हात लागला, तो त्यांनी क्षणभर तिथे ठेवला. स्टूल साडीला घासून मागे राहिलं. मग त्या उजवीकडे वळल्या आणि तिथे भिंत नव्हती, दार होतं. आतून फळीवरचा आवाज आला, काडी ओढल्याचा आला, स्टोव्हचा आला. थोड्या वेळाने दूध उतू गेल्याचा वास सगळ्या घरात पसरला. मुलगा दाराला टेकून उभा होता. त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरला.

मामी कॉफी करायला लागल्या. पेल्यांचा आवाज, फिल्टरचा आवाज, सगळे जुन्या घरातले आवाज त्याच क्रमाने. आणि मग एकदम "अय्यो!" आणि भांडं पडल्याचा आवाज.

आम्ही धावलो. स्वयंपाकघराच्या दारातच मामी सरांच्या छातीवर जाऊन आदळल्या होत्या. त्या आत शिरल्यावर सर आमच्यातून हळूच सटकून त्या दाराशी जीव मुठीत धरून उभे राहिले होते. खोकायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. त्यांच्या लुंगीसारख्या पांढऱ्या वेष्टीवर कॉफी सांडली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांना पुसायचंही सुचत नव्हतं.

मामींनी त्यांच्या छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली. "अस्कं जागेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "स्टूल आणलंत, छत्री आणलीत, कंगवा आणलात. तुम्हीच तेवढे आपली जागा विसरलात."

मागून ती रिबीनवाली मुलगी, आता चांगली उंच झालेली, फिसकन हसली. "सार! एका x ला दोन y!"

सर निमूटपणे वळले. मोठ्याने खोकत हॉलमधून गेले आणि दाराशी ठेवलेल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मामींनी नवी कॉफी गाळली. डवऱ्यातला पेला घेऊन त्या बाहेर आल्या, झोपाळ्याला वळसा घातला, स्टुलाच्या बाजूने सरळ खुर्चीपर्यंत गेल्या आणि न चाचपडता सरांच्या हातात डवरा दिला. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

समोरच्या गृहस्थांना काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "मग, राव सार, कसं काय?"

सरांनी "शेप तोच" म्हणायला तोंड उघडलं. पण शब्द काही आला नाही, म्हणून ते नुसती कॉफी पीत राहिले.